समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते? एम.एस.डब्ल्यू. करू का नको, कोल्हापूरकरांनी सांगा

गारगोटीची_२१

नमस्कार. मी भुदरगड तालुक्यातली. बी.ए. समाजशास्त्र, शेवटचं वर्ष. वडील एसटीत कंडक्टर, आई आशा सेविका. धाकटा भाऊ बारावीला.

मला एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करायची आहे. हे डोक्यात आलं २०१९ च्या महापुरात. आमच्या गावाला पुराचा त्रास नव्हता, पण शिरोळकडची माणसं कोल्हापुरात एका शाळेच्या छावणीत होती, तिथं मामाबरोबर मी भाकरी घेऊन गेले होते. शाळकरी होते तेव्हा. तिथं गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एक ताई होत्या. त्या काहीच वाटत नव्हत्या, भाकरी नाही, कपडे नाही. वही घेऊन एकेका बाईजवळ खाली बसायच्या आणि बोलायच्या. मी मामाला विचारलं, ह्या कोण? मामा म्हणाला, असतील कुठल्यातरी संस्थेच्या. मला ते काम काय होतं ते अजून नीट कळलेलं नाही, पण तेच करावं असं वाटतं.

आता घरातलं सांगते. वडील म्हणतात, समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते? मनात असेल तर कर की, कोण अडवलंय. डिग्रीच घ्यायची तर बी.एड. घे, नाहीतर एमपीएससीचा क्लास लाव. आई काही बोलत नाही. ती सकाळी सातला बाहेर पडते ती दुपारी तीनला येते.

माझे प्रश्न:
एम.एस.डब्ल्यू. करून नेमकी नोकरी कुठं लागते आणि पगार काय मिळतो? खरं सांगा, मनाला लागलं तरी चालेल.
कोल्हापुरात करू का बाहेर? गारगोटीहून रोज एसटीनं येऊन-जाऊन झेपेल का?
आणि वडिलांना काय उत्तर देऊ?

---

एचआर_शिरोली

ताई, राग मानू नका, स्पष्ट सांगतो. मी एम.एस.डब्ल्यू. २०१२ चा. आमच्या वर्गातले निम्मे आज माझ्यासारखेच एमआयडीसीत एचआरला आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. समाजसेवा म्हणाल तर दसऱ्याला कामगारांना मिठाईचे बॉक्स वाटतो तेवढीच.

हे कसं झालं तेही सांगतो. १९४८ च्या कारखाने कायद्यानं पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. त्यामुळं आपल्या शिक्षणाला कारखान्याचं दार उघडं झालं. पाटीवर 'कल्याण', टेबलावर हजेरीपट, पीएफ, ईएसआय आणि कॅन्टीनच्या आमटीत मीठ कमी पडल्याच्या तक्रारी.

अगदीच वाईट आहे असं नाही. आमच्या फौंड्रीत एक मोल्डर आहे, त्याच्या बायकोला किडनीचा त्रास. पगारवाढीच्या वेळी तो केबिनमध्ये आला आणि म्हणाला, साहेब, माझे सहाशे रुपये वाढवू नका. मला वाटलं चेष्टा करतोय. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, त्याची पगाराची मर्यादा महिना २१ हजार. त्याच्या वर गेला की तो काही महिन्यांत योजनेतून बाहेर, आणि बायकोचं डायलिसिस खिशातून. वाढ नको म्हणणारा कामगार मी पहिल्यांदा बघितला. व्यवस्थापनाला ते समजावून सांगायला मला दोन मीटिंगा लागल्या. त्या दोन मीटिंगांत डिग्री कामाला आली म्हणायची.

पगार ठीक आहे, घर चालतं. तुम्हाला वही घेऊन बायकांजवळ बसायचं असेल तर मात्र इकडं येऊ नका.

---

कागदवाली_बाई

गारगोटीची, तुझा प्रश्न रात्री वाचला आणि सकाळी परत वाचला. जरा लांब लिहिते. चहा घेऊन बस.

मी कोल्हापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक आहे, एकोणीस वर्षं झाली. नाव सांगत नाही, नोकरी टिकवायची आहे. वॉर्डातले नातेवाईक मला 'कागदाच्या बाई' म्हणतात. आधी राग यायचा. आता ह्या फोरमवर मीच ते नाव घेतलंय.

आधी पैशाचं बोलू, कारण तुझ्या वडिलांचा खरा प्रश्न तोच आहे, तोंडानं ते काहीही म्हणोत. मी २००४ मध्ये एका प्रकल्पावर साडेतीन हजारांवर लागले. प्रकल्प तीन वर्षांचा होता, निधी अडीच वर्षांत संपला. आज माझ्या हाताखाली क्षेत्रकार्याला, म्हणजे शिकताना प्रत्यक्ष काम करायला, येऊन गेलेल्या पोरी संस्थांमध्ये बारा ते अठरा हजारांवर सुरुवात करतात. सरकारी कंत्राटी पदांचा अंदाज हवा असेल तर मिशन वात्सल्यखाली जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या जाहिराती काढून बघ. समाज कार्यकर्त्याला महिना १८,५३६ रुपये, बाहेर फिरून काम करणाऱ्याला १०,५९२. हे वरचे छत्तीस आणि ब्याण्णव रुपये कुणी कसे काढले हा मला पडलेला जुना प्रश्न आहे. नोकरी अकरा महिन्यांची, मग पुन्हा करार.

कायम नोकऱ्या आहेत, पण कमी. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतो, आपल्या सीपीआरला जाऊन पाटी बघ. समाजकल्याण खात्यातली पदं आहेत, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी आहे, तिथं स्पर्धा परीक्षा देऊनच जावं लागतं. म्हणजे एमपीएससी आणि एम.एस.डब्ल्यू. ही भांडणारी भावंडं नाहीत, वडिलांना हे सांग. नेट परीक्षा दिलीस तर कॉलेजात शिकवायला जाता येतं. मानसिक आरोग्याकडं ओढा असेल तर पुढं बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या ठिकाणी सायकियाट्रिक सोशल वर्कचं शिक्षण आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्या पदाची व्याख्याच दिलीय. आणि २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याच्या यादीत वैद्यकीय समाजसेवकाचंही नाव आलंय. आम्हाला त्याचा अजून एक रुपया दिसलेला नाही, पण नाव आलं.

माझं ऐकून एक सवय लाव. कॉलेज शोधण्याआधी नोकरीच्या दहा जाहिराती शोध आणि शैक्षणिक पात्रतेचा रकाना वाच. कुठं 'एम.एस.डब्ल्यू.' लिहिलंय, कुठं 'समाजशास्त्र अथवा समाजकार्य' लिहिलंय, कुठं नुसतं 'पदवीधर'. माझी एक मैत्रीण दोन वर्षं ग्रामीण विकास शिकली, उत्तम शिकली, आणि रुग्णालयाच्या जाहिरातीत तिचा अर्ज छाननीतच गेला.

आता डिग्री कशाला लागते ते.

मी पहिल्या वर्षाला असताना आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्याला एका झोपडपट्टीत जायचे. बिंदू चौकातून केएमटी, मग चालत. परत आल्यावर त्याचा अहवाल लिहायचा, बोलणं जसंच्या तसं. मी काय म्हणाले, ती काय म्हणाली, गप्प कुठं बसली. आम्ही पोरी त्या वहीला शिव्या द्यायचो. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मी लिहिलं, 'बाई उदास होत्या.' सरांनी तांबड्या पेनानं खाली रेघ मारली आणि बाजूला एकच शब्द लिहिला: कशावरून?

मी केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, दिसतंच की. ते म्हणाले, काय दिसलं ते लिही. बाकावर बसून आठवायला लागले. अर्धा तास गेला. मग लिहिलं: 'बाईंनी माझ्यासाठी चहा ठेवला. उकळला तरी गाळला नाही. मी निघेपर्यंत स्टोव्ह बंद करून पातेलं तसंच होतं. बोलताना तीन वेळा दाराकडं बघितलं.' सरांनी वाचलं आणि विचारलं, दाराकडं का? मला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी दाराकडं पाठ करून नाही, दार दिसेल अशी बसले. साडेचारला नवरा आला. त्यानंतर तिचं एकही वाक्य पूर्ण झालं नाही.

मी 'उदास' लिहून मोकळी झाले असते तर तिला भजनी मंडळात पाठवलं असतं.

गारगोटीची, तुझ्या त्या छावणीतल्या ताई जे करत होत्या ते हेच असणार. भाकरी वाटायला शंभर हात असतात. कुणाच्या औषधाची चिठ्ठी पुरात गेली, कोणत्या बाईचे दिवस भरत आलेत, कुणाचा म्हातारा दुसऱ्याच छावणीत आहे, कोण पोरगी रात्री बाथरूमला एकटी जायला भिते, हे वहीत आल्याशिवाय कुणाला कळत नाही. आणि ते विचारायची एक पद्धत असते. उभ्यानं विचारलं तर 'सगळं ठीक हाय' एवढंच उत्तर येतं.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत, प्लेसमेंटचं पान, हे बघू नकोस. तिथं शिकणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या पोरींना गाठ आणि विचार: तुमची वही कोण वाचतं? दर आठवड्याला वाचतं का वर्षाखेरीला सही मारतं? मार्गदर्शक संस्थेत येऊन बघतात का? एका मार्गदर्शकाकडं किती जण? माझ्या ओळखीत असं एक ठिकाण आहे, जिथं मुलं मार्चमध्ये बसून वर्षभराचे अहवाल लिहितात, वेगवेगळ्या शाईच्या पेनांनी, खरं वाटावं म्हणून. तसली डिग्री घेण्यापेक्षा बी.एड. बरं.

कोल्हापुरात सायबर कॉलेजला एम.एस.डब्ल्यू. आहे, जुनं आहे. पुण्याला कर्वे समाजसेवा संस्था, १९६३ ची. मुंबईला निर्मला निकेतन. आणि टाटा, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस), १९३६ ला सुरू झालेली, देशातलं या विषयाचं पहिलं शिक्षण तिथलं. त्यांचं तुळजापूरला केंद्र आहे, ग्रामीण कामाकडं ओढा असेल तर ते बघच. टिसला आता सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून जावं लागतं, तेव्हा अर्जाच्या तारखा चुकवू नकोस. घरची अडचण असेल तर इग्नूचं दूरशिक्षणाचंही आहे, पण तुला मी तो सल्ला देणार नाही. वहीवर तांबडी रेघ मारणारं माणूस समोर पाहिजे.

रोज गारगोटीहून? पन्नासेक किलोमीटर एका बाजूनं. लेक्चरच्या दिवशी जमेल. क्षेत्रकार्याच्या दिवशी वस्तीतली बाई संध्याकाळी सहानंतर मोकळी होते, तेव्हा तुझी शेवटची एसटी चुकेल. वसतिगृह बघ. आपल्या गावाला वसतिगृहांचं काही कमी नाही. इथं भाषणात सगळेच शाहू महाराजांचं नाव घेतात, पण १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघालं तेव्हापासून महाराजांनी जागा दिली, पैसा लावून दिला, म्हणून तर खेड्यातली पोरं शिकली. वडिलांना खर्चाचा आकडा सांगताना वसतिगृहाचे धरून सांग, नंतर वाढवू नकोस.

आता एक चूक सांगते, माझी. ही सांगितल्याशिवाय वरचं सगळं फुकट आहे.

२०११ साल. पन्हाळ्याकडचा एक पोरगा मोटरसायकलवरून पडून आला, डोक्याला मार. बाप धोतरातला, हातात पिठाच्या गिरणीत नेतात तसली पिशवी, त्यात सगळे कागद. आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, बिलाच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत जाते. मी कागद बघितले, रेशनकार्ड बघितलं, बापाकडं बघितलं आणि म्हटलं, काका, काळजी करू नका, होऊन जाईल.

उत्पन्नाचा दाखला आणायला चुलतभाऊ तहसीलला गेला. दाखल्यावर उत्पन्न मर्यादेच्या वर आलं. का? सातबारा तिघा भावांचा सामाईक. तिघांचा ऊस याच्या एकट्याच्या नावावर धरला. ते दुरुस्त व्हायला बारा दिवस लागले असते आणि पोरगा सातव्या दिवशी सुटणार होता. मी 'होऊन जाईल' म्हटलं म्हणून त्यांनी सोसायटीत अर्ज केला नव्हता, पाव्हण्यांकडं शब्द टाकला नव्हता. सहाव्या दिवशी रात्री म्हैस काढली. दुसऱ्या वेताची होती. बाप बिल भरताना मला एक शब्द बोलला नाही. जाताना 'येतो बाई' म्हणाला.

तेव्हापासून माझ्या तोंडात 'होईल' नाही. 'बघतो' आहे. आमच्या कोल्हापूरच्या बायका 'बघतो'च म्हणतात, पुण्याच्या डॉक्टरीण बाईंना त्याचं हसू येतं, येऊ दे. बघतो म्हणायचं, आणि त्याच दमात विचारायचं, दुसरीकडनं काय जमवताय? नातेवाईकाला बसवायचं, पिशवी टेबलावर रिकामी करायची, कागद तारखेप्रमाणं लावायचे. रेशनकार्ड, आधार, सातबारा, दाखला. नावं जुळतात का बघायचं. आधारवर हौसाबाई, रेशनकार्डावर हौसाक्का, बँकेत नुसतं हौसा, असली तीन नावांची म्हातारी दर आठवड्याला येते. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात, पण त्या तीन हौसा एकच आहेत हे आधी सिद्ध करावं लागतं. ते माझं काम.

वडिलांना उत्तर काय द्यायचं ते मी सांगणार नाही. पण तुझ्या प्रश्नात एक वाक्य मला टोचलं. 'आई काही बोलत नाही.' अगं, तुझ्या आईला विचारलंस का? बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशा तिच्याकडं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. सहा भेटी. आम्हाला वर्गात 'गृहभेट' नावाचा धडा होता, पंधरा मार्कांचा. तुझी आई तो रोज चालत करते.

---

यारा_नदीकाठी

मूळची राजारामपुरीची, आता मेलबर्न. इथं ज्येष्ठांच्या सेवाकेंद्रात काम करते. फोरमवर कुणीतरी 'परदेशात ह्यूमन सर्व्हिसेसची डिग्री घे, नोकरी पक्की' असं सांगेलच, म्हणून आधीच लिहिते.

इथं दोन वाटा वेगळ्या आहेत. एक ह्यूमन सर्व्हिसेस किंवा कम्युनिटी सर्व्हिसेस. डिप्लोमाही असतो, तीन वर्षांची पदवीही. दुसरी सोशल वर्क, पदवी चार वर्षांची, किंवा आधी दुसरी पदवी असेल तर दोन वर्षांचं मास्टर्स. सोशल वर्कच्या अभ्यासक्रमाला इथल्या समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेची, एएएसडब्ल्यूची, मान्यता लागते आणि त्यात कमीत कमी १००० तास प्रत्यक्ष काम. मी पहिली वाट घेतली. वृद्ध, अपंग, बेघर, कुठंही काम मिळतं, २०१३ मध्ये अपंगांसाठीची राष्ट्रीय विमा योजना आली त्यानंतर तर बरंच. पण रुग्णालयातली सोशल वर्करची जागा आली की माझी पदवी चालत नाही. कागदवाली ताई म्हणतात तो पात्रतेचा रकाना इथंही तसाच आहे.

आणि ते हजार तास बिनपगारी. भाडं भरायला रात्री वेगळी नोकरी. २०२५ च्या जुलैपासून सरकार प्लेसमेंटच्या काळात थोडे पैसे द्यायला लागलंय, पण ते इथल्या विद्यार्थ्यांना, बाहेरून आलेल्यांना नाही. कर्ज काढून यायचा विचार असेल तर हा हिशेब आधी मांड.

ताई, तुमचं ते 'कशावरून?' वाचून मी माझ्या कालच्या नोंदी उघडल्या. 'आजोबा आनंदी दिसले' असं लिहिलं होतं. खोडलं.

---

गारगोटीची_२१

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर मी सगळी उत्तरं घरात मोठ्यानं वाचून दाखवली. वडील ड्युटीवरून आले होते, आडवे होऊन ऐकत होते. मला वाटलं झोपले. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, 'ती म्हैस केवढ्याला गेली?'

एचआर दादा, सहाशे रुपयांची गोष्ट वडिलांनी दोनदा वाचायला लावली. त्यांच्या डेपोतही असं झालंय म्हणे, वेगळ्या कारणानं.

आईला विचारलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, आमच्या वहीत वजन लिहायला रकाना आहे, ताप लिहायला आहे, बाळ अंगावर पितं का ते लिहायला आहे. सासू आत येऊ देत नाही हे लिहायला रकाना नाही. मग काय करतेस, म्हटलं. तर म्हणाली, मागं लिहितो. मी तिची वही उलटून बघितली. शेवटच्या पानांपासून उलटं लिहीत आलीय, पेन्सिलीनं, बारीक. घरांची नावं नाहीत, खुणा आहेत. 'चिंचेजवळचं', 'नवं कौल', 'कुत्रं असलेलं'. त्यात एके ठिकाणी लिहिलंय: 'सून बोलताना पदराचं टोक दाताखाली. चौदाव्या दिशी पण. एकवीसला माहेरी गेली. बरं झालं.'

मी ही वही रोज टेबलावर बघत होते.

आता विचारायचं ते असं की एक दिवस तुमचं काम बघायला आले तर चालेल का? अडचण असेल तर राहू दे.

---

कागदवाली_बाई

म्हैस छत्तीस हजाराला गेली. वडगावच्या बाजारात पन्नासच्या वर सहज गेली असती, पण बाजाराचा दिवस चार दिवसांवर होता आणि घेणाऱ्याला गरज कळली होती. वडिलांना सांग, मला हा आकडा कधी पाठ करावा लागला नाही.

तुझ्या आईच्या वहीबद्दल काय लिहू कळत नाही. पदराचं टोक दाताखाली, चौदाव्या दिवशी पण. आमचे सर असते तर त्यांना तांबडं पेन उघडावं लागलं नसतं. तिला विचार, सून माहेरी गेली ती आपण होऊन का आईनं कुणाला निरोप धाडला होता? मला वाटतं धाडला असणार. बेचाळिसाव्या दिवसाची नोंद आहे का ते बघ.

आता तुझं येणं. वॉर्डात तुला घेऊन जाता येणार नाही, रुग्णाचं खासगी असतं, आणि आमच्या अधीक्षकांना ते चालायचं नाही. माझ्या टेबलाशी बसता येईल. ज्याचे कागद निघतील त्याला मी आधी विचारीन, ही पोरगी बसली तर चालेल का. नाही म्हणाला तर तू बाहेर बाकावर. त्यात मानापमान नाही. बाकावरही बरंच दिसतं. सकाळचा घोळका नको, मंगळवारी दुपारी तीननंतर ये, तेव्हा विमा आणि योजनांची पत्रं येतात. पत्ता तुला खासगी निरोपात टाकते.

डबा घेऊन ये, आमच्या कॅन्टीनच्या आमटीचं एचआर दादांसारखंच आहे. आणि आईला विचारून, तिला चालत असेल तर, ती वही आण. नसेल चालत तर आणू नकोस, मी उगीच विचारलं असं समज.

---

एचआर_शिरोली

आमच्या आमटीत मीठ आता बरोबर आहे, गेल्या महिन्यात आचारी बदलला.

ताई, अजून एक. मंगळवारी तिकडनं सुटल्यावर वेळ असेल तर शिरोलीलाही चक्कर मारा. तो मोल्डर दुसऱ्या पाळीला असतो. त्याला विचारलंय मी, बोलायला तयार आहे. फक्त म्हणाला, उभ्यानं विचारू नका म्हणावं.